माझ्यामागे फिरणारा पिवळा मासा

मी एक जुना चुंबक आहे. मित्रांनो, खिळे उचलणारा नव्हे, माशांच्या टाकीची काच घासणारा! माझा खरखरीत अर्धा भाग पाण्यात असतो आणि मऊ अर्धा बाहेर, मालकांच्या हातात. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या या दोन अर्ध्यांची मिठी सोडवताना माणसांना घाम फुटायचा.

माझे मालक चष्मे बनवतात. काचेवर डाग दिसला की त्यांचा जीव कासावीस होतो. त्यांच्या बैठकीत खाऱ्या पाण्याची टाकी होती. तिच्यात जिवंत प्रवाळ आणि एक पिवळाधमक टँग मासा. काचेवरचं, खडकांवरचं हिरवं शेवाळ दिवसभर खुडत राहणारी ही जात. मी रोज सकाळी चारही काचा घासायचो. खडक मालक स्वतः जुन्या ब्रशने घासत. पाहुणे म्हणत, "काच आहे की नाही तेच कळत नाही!" मी फुगून जायचो.

टँग तर माझी पाठ सोडत नसे. मी वर गेलो की तोही वर, मी खाली की तोही खाली. मालक हसत म्हणत, "अगं बघ, यांची कशी गट्टी जमलीय!" मलाही ते खरं वाटलं. मला मान असती, तर आज हे सांगताना ती खाली घातली असती.

मालकीणबाई शिवणकाम करतात. एकदा गळ्यातल्या टेपसकट त्या टाकीपाशी आल्या आणि थबकल्या.

"अहो, याचं पोट बघा. पार खपाटीला गेलंय."

"अगं, रोज दाणे घालतो की मी."

"मापं घेण्यात आयुष्य गेलं माझं. महिन्याभरात निम्मा झालाय हा." त्यांनी मला काचेवरून फिरवून पाहिलं. "आणि गट्टी कसली? घासताना सुटलेले हिरवे कण टिपतोय तो. भुकेला आहे बिचारा."

मालकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

मी त्याच्या तोंडचा घास काढून घेत होतो आणि वर शाबासकी मिळवत होतो. तो माझ्यामागे उष्ट्यासाठी येत होता आणि मी त्याला मित्र समजत होतो. मला फार लाज वाटली.

त्या दिवसापासून खडक आणि मागची काच कोणी घासत नाही. टँगला वाळवलेल्या समुद्री शेवाळाचं पानही चिमट्याला लावून मिळतं. तरी त्याचं पोट भरून यायला दोन महिने लागले.

मित्रांनो, स्वच्छता जरूर करा. पण पुसण्याआधी एकदा बघा, त्या डागावर कोणाचं पोट अवलंबून तर नाही ना. अजूनही मी पुढची काच घासायला निघालो की सवयीने मागे बघतो. टँग तिकडे हिरव्या काचेला तोंड लावून चरत असतो, माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही. त्याने बघूही नये.