आजाऱ्याच्या नावाचा गूळ

मेडशीजवळच्या तांड्यात मुकादम जानराव आला तो गुळाची ढेप घेऊनच. तिकडं तेलंगणात धरन बांधून राह्यले होते, अन् त्याले खदानीसाठी नवरा-बायकोच्या जोड्या पाह्यजे होत्या. तांड्याची रीत अशी का नायकासमोर गूळ खाल्ला म्हंजे शब्द पक्का. मंग मागं फिरनं नाई.

दौलतसिंगानं खडा घेतला अन् सरळ तोंडात टाकला. त्याच्या बायकोनं, गोमतीबाईनं, आपला खडा मुठीतच धरला.

"खा ना वं, इरघळून जाईन," दौलतसिंग म्हने.

"इरघळू द्या." ती जानरावाकडं वळली. "मुकादम, याले दरसाली थंडीताप येते. तिकडं आला तं?"

गेल्या साली तांड्यातल्या फुलसिंगाले असाच परमुलखात ताप भरला होता. टोळी दुसऱ्या खदानीवर निघून गेली, अन् तो झाडाखाली एकटाच. तिथली बोली येत नाई, पानी मांगावं तं कसं? एका गाडीवाल्याले दया आली म्हनून वाचला. हे गोमतीनं त्याच्याच तोंडून ऐकलं होतं.

जानराव हसला. "अवं, ठेकेदाराचा डाक्तर हाये! सुई देते, गोळ्या देते."

"कुठी बसते?"

"धरनावर."

"आन खदान?"

"खदान... जराशी इकडं."

"तापात चालत जाता येते का?"

"गाडी भेटली तं पाहू."

"पाहू? आन टोळी हालली तं याच्यापाशी कोन?"

"तू बसजो ना!"

"मी बसली तं जोडी मोडली. मंग झोपडीतून काढसान ना आमाले?"

जानराव तडकला. "एवढं कोन पाहते, बाई? तुहं माहेर हाये का ते?"

गोमतीनं खडा परत ढेपीवर ठेवला.

"अवं, मी खाऊन बसलो!" दौलतसिंग वरडला.

"अर्ध्या जोडीनं खाल्ला. नायक, अर्ध्या जोडीचा शब्द धरतेत काय?"

म्हातारा नायक सेवादास मिशीत हसला. "नाई धरत, पोरी."

बाजूलेच रतनसिंग बसला होता. त्याची टोळीही तिकडंच जानार होती, पन मजुरी कमी. गोमतीनं घरातून आपला गूळ आनला अन् त्याच्यापुढं धरला. "बिमार मानूस टाकून टोळी हालनार नाई, असं बोलून खा, भाऊ."

"खातो. पन माही बी एक ऐक. जो पडन अन् जो त्याच्यापाशी राहीन, त्या दोघाइचं काम बाकीच्याइनं उरकाचं. उद्या आमच्या टोळीतली धनीबाई पडली तं दौलतसिंगाले तिच्या वाटचे दगड फोडा लागतीन. मंग कुरकुर नाई."

गोमतीनं नवऱ्याकडं पाह्यलं. "हे तुमालेच बोला लागते."

दौलतसिंगानं डोकं खाजवलं. "धनीबाई लय खाते. तिचं पोट दुखनारच."

"तुमी खाऊन पाहा माह्या हातच्या भाकरी, मंग बोला!" मागून धनीबाईनं टोला हानला. सारे हसले. गोमती नाई हसली.

"बोला."

"फोडीन ना दगड."

"नायकाकडं पाहून."

"नायक, धनीबाईचे दगड मी फोडीन," दौलतसिंग म्हने. "कोनाचेही फोडीन."

आधी रतनसिंगानं खाल्ला, मंग दौलतसिंगानं. गोमतीनं दोघाइचे घास खाली उतरू देले, अन् मंगच आपला खडा तोंडात टाकला.