सरळ पाठीची खुर्ची

मिस्त्रीला एक खोड होती. काहीही बिघडलं की कुठेतरी काहीतरी वाकडं असणार, अशी त्याची खात्री. दार घासतंय? बिजागरी वाकडी. टेबल डुगडुगतंय? पाय वाकडा. सारा जन्म लाकडात घालवलेला माणूस, तो दुसरं काय म्हणणार! त्यामुळे बायकोची पाठ दुखायला लागली, तेव्हा त्याने आधी तिच्या बसण्याकडे पाहिलं आणि निकाल देऊन मोकळा झाला. शिलाई मशीनवर वाकून वाकून पाठीची वाट लागली.

वाकायची ती, यात शंकाच नाही. खिडकीपाशी मशीन, आजूबाजूच्यांचे कपडे, पडदे, अभ्रे, दिवसभर खडखड चालू. हल्ली तर मशीन थांबलं तरी ती उठायची नाही. त्याच्या फळीवर कोपरं टेकून, छाती पुढे टाकून तशीच बसून राहायची. मिस्त्री संध्याकाळी तिच्या पाठीला तेल चोळायचा, उसण भरली असेल म्हणायचा. ती म्हणायची, आत कुठेतरी खोल दुखतंय हो, तुमचा हात पोचत नाही तिथे. मग तो आणखी जोर लावायचा.

हाडांच्या डॉक्टरने एक्स-रे काढला. मणके ठणठणीत. गोळ्या दिल्या, पट्टा दिला आणि वाकू नका म्हणून सांगितलं. ते शेवटचं ऐकून मिस्त्रीची कॉलर अशी ताठ झाली की विचारू नका. मी काय सांगत होतो, हे पालुपद त्याने घरापर्यंत चालवलं.

मग त्याने खुर्ची करायला घेतली. जपून ठेवलेलं सागवान काढलं. बायकोच्याच टेपने तिच्या पाठीचं माप घेतलं, तेव्हा ती हसली. एवढी वर्षं मी जगाची मापं घेतली, आता माझी पाळी, म्हणाली. बैठकीच्या रुंदीसाठी तो टेप कमरेला लावायला गेला, तर तिने तो हातातून काढून घेतला. खुर्चीला कशाला हवी कंबर, अंदाजाने करा.

खुर्ची काय झाली होती! पाठ ओळंब्यात सरळ, सांधा कुठे दिसेल तर शपथ. ती बसली. तोंड क्षणभर आवळलं गेलं. कसं वाटतंय, विचारल्यावर म्हणाली, छान आहे हो. मिस्त्री त्या दिवशी शीळ घालत कामावर गेला.

एकदा तो दुपारीच परतला, तर बाई मशीनवर ओणवी! त्याचा पारा चढला. तुझ्या भल्यासाठी मरमर करतो आणि तुला त्याचं काही नाही, असं बरंच बोलला आणि मशीन उचलून माळ्यावर टाकलं. त्यानंतर ती खुर्चीतच बसायची, दोन्ही हात पोटाशी धरून. दोन घास खाल्ले की ताट सरकवायची. गोळ्यांनी पोट बिघडलं असेल, नाहीतर मशीनवरून रुसली असेल, असं त्याने धरलं.

लेक माहेरी आली. तिने आईला मिठी मारली आणि तशीच थांबली. हाताला नुसती हाडं लागत होती. बाबा, तुमचे डोळे कुठे होते, तिने विचारलं. डोळे होते की. पण बायको शिवणारी. अंगावरचा कपडा सैल झाला की ती शिवण आत घ्यायची, पुन्हा सैल झाला की पुन्हा. ढगळ कपडा घालून फिरायला तिला लाज वाटायची. कपडा कायम अंगाबरोबर बसलेला, मग मिस्त्रीला दिसणार तरी काय?

दुसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी पाठीचं थोडंच विचारलं आणि जेवणाचं जास्त. खाल्ल्यावर दुखणं वाढतं का? वाढतं. उताणं झोपवतं का? नाही, उशी पोटाशी घेऊन बसून राहते.

"आणि पुढे वाकलं की कसं वाटतं?"

बायकोने आधी नवऱ्याकडे पाहिलं. मग खाली बघत म्हणाली, "वाकलं की जरा बरं वाटतं."



तपासण्या झाल्या. दुखणं पाठीचं नव्हतंच. पोटाच्या मागच्या बाजूला, कण्याला लागून स्वादुपिंड असतं, तिथे गाठ होती आणि ती पसरली होती. बाईंनी हे समजावून सांगितलं. पाठीत दुखतं म्हणून माणसं पाठच धरून बसतात, म्हणाल्या. आधी आलो असतो तर, एवढंच मिस्त्रीने विचारलं. हा आजार लपून राहतो, नक्की नाही सांगता येत, असं त्या म्हणाल्या. उपयोग झाला नसता म्हणाल्या असत्या, तर त्याला बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर तो तिच्यापुढे जमिनीवर बसला.

"सांगायचं नाही होय गं?"

"तुम्ही किती हौसेनं खुर्ची केलीत," ती म्हणाली. "आणि डॉक्टरही म्हणाले वाकू नका. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय."

तो उठला, माळ्यावरून मशीन उतरवलं, पुसून खिडकीपाशी ठेवलं. पण आता तिच्याने तिथवरही जाववत नव्हतं. मग त्याने करवत घेतली आणि खुर्चीची पाठ कापून काढली. कापताना त्याला रडू आवरेना, भुसा गालाला चिकटत होता. त्या फळीला त्याने आखूड पाय लावले, कडा घासून घासून गोल केल्या, वर जुनी गोधडी घडी करून ठोकली आणि पलंगावर तिच्यापुढे ठेवली. या वेळी माप घेतलं नाही. ती बसल्या जागी पुढे झुकली, दोन्ही हात फळीवर टाकले, गाल टेकला आणि तिने डोळे मिटले.

"आता जमली," ती म्हणाली.

मिस्त्री तिच्याशेजारी बसला. तेल न लावता, जोर न देता, नुसता हात तिच्या पाठीवर ठेवून तिच्या तोंडाजवळ वाकून राहिला. बऱ्याच वेळाने तिने एक डोळा उघडला.

"सरळ बसा हो. पाठ धरेल तुमची."

तो तसाच वाकून राहिला.