हाक मारायची सोय

मनालीचं एक ठाम मत होतं, आणि ते ऐकवायला तिला गावचा, वैशाखऱ्याचा एसटी थांबाही पुरायचा. जगातले सगळे चांगले गेम ती शाळेत जायच्या आधीच बनून गेले, हे ते मत. हल्लीच्या गेममध्ये नुसती धावाधाव आणि गोळीबार, डोकं चालवायचं कामच नाही. गाडीची वाट बघणाऱ्या माणसांना यात काडीचा रस नसे, पण मनाली थांबेल तर शपथ.

दोष तिच्या बापाचा. मुरबाडचा एक सायबर कॅफे बंद पडला तेव्हा नरेंद्रने तिथला एक कॉम्प्युटर जीपच्या टपावर बांधून घरी आणला, पोरं शिकतील म्हणून. पोरं शिकली, पण भलतंच. आधीच्या कुणीतरी त्यात पाच-सहा जुने साहसी गेम ठेवले होते. पडद्यावर एक गाव, त्यात एक माणूस, आणि खाली इंग्रजीत चार शब्द: बघ, उचल, उघड, बोल. एवढ्यावर सगळा खेळ. मनाली आणि तिचा थोरला भाऊ रूपेश शब्दकोश मांडीवर घेऊन बसत. गेममध्ये घड्याळ नव्हतं, कुणी मरत नव्हतं. एखाद्या कुलपाशी तीन-तीन दिवस अडून राहायचं, आणि मग भात लावताना, चिखलात वाकलेलं असताना एकाएकी सुचायचं की तो फुटका आरसा आपण उगाच नाही उचलला. रूपेश खाचरातूनच ‘आरसा’ म्हणून ओरडायचा आणि बाकीची माणसं त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. त्या सुखाची सर मनालीला नंतर कशालाच आली नाही.

म्हणून कल्याणला शिकून आल्यावर ती स्वतःच तसा गेम बनवायला बसली. दोन वर्षं खपून तिने पुण्यातल्या एका छोट्या कंपनीला नमुना पाठवला. ही कंपनी दर वर्षी एका नवख्याला हाताशी घेऊन त्याचा गेम पुरा करून देत असे. तिथल्या रविना मॅडमचं उत्तर गोड शब्दांत आलं. चित्रं सुंदर आहेत, कोडी चोख आहेत, पण हा गेम आम्ही आधी खेळलोय. यात तुमचं काय आहे? पंधरा दिवस देते, पुन्हा दाखवा.

इकडे नरेंद्रने कल्याणच्या एका दवाखान्यात तिच्यासाठी काउंटरवरची नोकरी बघून ठेवली होती, एक तारखेपासून हजर व्हायचं होतं. बाप वाईट नव्हता. दोन वर्षं त्याने पोरीला काय करतेस म्हणून विचारलं नव्हतं, पण आता त्याचाही धीर सुटला होता. पंधरा दिवसांत जमलं तर गेम, नाहीतर काउंटर, असं बापलेकीत ठरलं.

दहा दिवस मनालीने कोड्यांवर कोडी रचली. अकराव्या दिवशी तिने चंद्राआत्याला कॉम्प्युटरसमोर बसवलं. नवख्या माणसाला खेळायला द्यायचं आणि आपण तोंड शिवून बघत राहायचं, ही या धंद्यातली रीत. चंद्राबाई म्हणजे नरेंद्रची थोरली बहीण. घर लागूनच, वाचायला येत होतं पण सावकाश, आणि गेम या प्रकाराशी तिचा उभ्या जन्मात संबंध आला नव्हता. याहून नवखं माणूस मिळणार कुठे?

गेम असा होता. ठकी नावाच्या मुलीची शेळी घाटात हरवलीय, ती गुहेत शिरलीय, आणि गुहेत जायला कंदील हवा. कंदील आहे पायथ्याच्या बुधूबाबाच्या घरात. बाबा झोपलेला असताना आत शिरायचं, कंदील उचलायचा, बाहेर पडायचं. जुन्या गेमांचा हा शिरस्ताच. दिसेल त्या घरात घुसा, हाताला लागेल ते पिशवीत टाका, कुणी हूं की चूं करत नाही.

चंद्राबाईने ठकीला बुधूबाबाच्या अंगणापर्यंत नेलं आणि तिथेच उभी केली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. दारावर तिने ‘बोल’ दाबून पाहिलं, ‘उघड’ काही दाबेना. शेवटी मनालीने रीत मोडली.

“आत्या, आत जा ना.”

“कशी जाऊ? घरातलं कोणी बाहेर नाय आलं.”

“दार उघडंच आहे की.”

“दार उघडं म्हंजे काय कोणीपन शिरायचं? यात हाक मारायची सोय कुठंय?”

मनालीला हसू आवरेना. तशी सोय नसतेच, सरळ जायचं आणि कंदील घ्यायचा, असं तिने समजावलं. चंद्राबाईने माउसवरचा हात काढून घेतला.

“चोरी करायला लावतेस होय गो,” ती म्हणाली, आणि तांदूळ निवडायचे राहिलेत म्हणून घरी निघून गेली.

मनालीला आधी आत्याचा राग आला, मग स्वतःचा. इतकी वर्षं इतक्या जीवापाड प्रेमाने खेळलो, आणि ही चोरी आहे हे एकदाही मनात येऊ नये? दुपारीच तिने चार शब्दांच्या शेजारी पाचवा शब्द बसवला: हाक. पण नुसता शब्द बसवून भागेना. हाक मारली की कुणीतरी बाहेर येणार, कोणाची तू, कुठून आलीस विचारणार, बस म्हणणार, पाणी देणार. मग कंदील उचलायचा नाही, मागायचा. सगळी कोडी उचलण्यावर उभी होती, ती आता मागण्यावर उभी करायची, म्हणजे एकूण एक घर मोडणं आलं. तिने ती मोडली. उरलेल्या दिवसांत एकच घर नीट उभं राहिलं, बुधूबाबाचं.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी तिने आत्याला पुन्हा बोलावलं. चंद्राबाईने हाक मारली, बाबा बाहेर आला, आणि मग मनालीने मोठ्या हौसेने काढलेलं चित्र आलं. ठकी अंगणात वाकलीय, ओंजळ धरलीय, वरून तांब्याची धार पडतेय आणि उन्हात थेंब चमकतायत. चंद्राबाईने पडद्यावरच्या ओंजळीवर बोट ठेवलं.

“माजी आय असंच पानी प्याली,” ती म्हणाली. “जन्मभर. लोकांच्या अंगनात, वरून ओतलेलं. कितीबी तहान लागली तरी तांब्याला हात लावायचा नाय. तुला ठाव नाय ते बरंच झालं. पन हे पुस. पोरीला ओटीवर बसव नि तांब्या तिच्या हातात दे.”

मनालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ठाऊक नव्हतं असंही नाही. दर जयंतीच्या भाषणांत तिने ते ऐकलं होतं, शाळेत त्यावर निबंधही लिहिला होता. तरी चित्र काढताना हात तिकडेच वळला, का, तर दिसायला छान. तिने चित्र पुसलं. दुसऱ्या दिवशी अकराला नवं पुरं झालं आणि बाराला रविना मॅडमचा व्हिडिओ कॉल आला.

चंद्राबाई कॅमेऱ्याबाहेर, मनालीच्या शेजारी बसली होती. नरेंद्र कामाचं निमित्त काढून दारात घुटमळत होता. रविना मॅडमनी मनालीने पाठवलेला गेम उघडला आणि ठकीला थेट दारावर नेलं, पण ठकी उंबऱ्याशी थांबली. त्यांनी ‘उघड’ दाबलं, खिडकी पाहिली, अंगणातला झाडू उचलायचा प्रयत्न केला, पुन्हा दार; सवयीच्या चार शब्दांपलीकडे त्यांची नजर गेलीच नाही. मग त्यांनी विचारलं, काही बिघाड आहे का. मनालीने नाही म्हटलं. सांगायचं नाही, ही रीत तिने दातओठ खाऊन पाळली. मॅडमनी ठकीला अंगणाबाहेर वळवलं. संपलं, असं मनालीला वाटलं.

“बाई, आदी हाक मारा,” चंद्राबाई म्हणाली. तिला राहवलंच नाही.

मनालीने डोळे मिटले. कोण बोललं, असं मॅडमनी विचारलं. माझी आत्या, ती म्हणाली. मग ठकीची हाक ऐकू आली. बुधूबाबा बाहेर आला, त्याने विचारपूस केली, ठकीला ओटीवर बसवलं आणि तांब्या तिच्या हातात दिला. ठकी पाणी प्यायली, सावकाश, सगळं.

“वीस वर्षं मी हे गेम खेळतेय,” रविना मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा खाली आला होता. “हजारेक घरांत शिरले असेन. मला आजवर कुणी बस म्हणालं नव्हतं.”

त्यांनी कंदील मागितला, सकाळी परत आणून देण्याच्या बोलीवर तो मिळाला. मग त्या ठकीला पुढच्या अंगणात घेऊन गेल्या आणि हाक मारली. कुणी आलं नाही. त्यांनी पुन्हा मारली.

“मॅडम, तिथे अजून कुणी नाहीये,” मनालीने कबूल केलं. “एकच घर झालंय. बाकीची मी पाडली.”

“मग बांधा,” मॅडम म्हणाल्या. “वर्ष आहे आपल्याकडे. सोमवारी कराराचे कागद पाठवते.”

कॉल संपला तरी मनाली जागची हलली नाही. चंद्राबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा कुठे तिला रडू फुटलं. नरेंद्रने खिशातून फोन काढला आणि कल्याणच्या दवाखान्याला लावला. मुलगी एक तारखेला येणार नाही, त्याने सांगितलं. पलीकडून विचारलं असावं, दुसरीकडे कुठे लागली का. नरेंद्रने पडद्यावरच्या रिकाम्या अंगणाकडे पाहिलं.

“हां, लागली,” तो म्हणाला. “तिला घरं बांधायचीत.”