लाल तलाव, हिरवी बाटली

भर दुपारी, चिखलटोल्याच्या तलावाच्या पाळीवर, पत्रू भगतानं घोंगड्याखालून पाण्याचा जर्मनचा गंज, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं, काढून रंभाच्या हातात दिला. पाणी हिरवं होतं. मे महिन्याचं ऊन वरून ओतत होतं. हळूहळू पाणी लालसर झालं, मग चक्क लाल.

"पाहा गा, पाहा!" भगत ओरडला. "माह्या घोंगड्याखाली हिरवं, हिच्या हातात रगत! लाल परी, हरी परी, बोल कौन करे चोरी?"

गर्दी चार पावलं मागं सरली. रंभा मात्र गंज धरून तशीच उभी.

गर्दीत घनश्याम बोरकुटे होता. मूल गावी मोटारीतून उतरून तो पायी आला होता. विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात तो शेवाळावर संशोधन करायचा. त्याला घाई होती, कारण ऊन उतरायच्या आत पंच रंभाला जातीबाहेर काढणार होते. तिचा नवरा लटारू तापानं फणफणला, तेव्हा तिनं स्वतः डोंग्यात, लाकडी होडीत बसून जाळं फेकलं. इथल्या ढिवर मच्छीमारांत बाई मासळी विकते, जाळं फेकत नाही. त्यानंतर आठवडाभरात तलाव लाल झाला, आणि देवी कोपली असं भगतानं सांगितलं.

या घोळात विद्यापीठाचाही हात होता. शाळेच्या मास्तरांनी पाठवलेली पाण्याची बाटली कापडात गुंडाळलेली पोहोचली, ती हिरवी. रसायनशास्त्र विभागानं कळवलं, रक्त नाही, पाणी हिरवंच आहे. प्राणिशास्त्रवाले म्हणाले, हा जीव पोहतो, म्हणजे आमचा. वनस्पतिशास्त्रवाले म्हणाले, हिरवा आहे, आमचा. भांडण मिटेपर्यंत बाटली कपाटात बंद. घनश्यामनं ती सहज उन्हाच्या खिडकीत ठेवली आणि पाणी लाल झालेलं पाहून पहिल्या मोटारीनं निघाला. विद्यापीठाचं उत्तर गावात केव्हाच पोहोचलं होतं.

"मोठमोठ्या पंडितायलेबी देवीनं रंग दाखवला नाई," भगत आताही तेच सांगत होता. "रंग दिसाले पापीणच पायजे!"

घनश्याम पुढं झाला. "भगतभाऊ, एक डाव उलटा करू. गंज तुम्ही धरा उन्हात. रंभाबाईचा गंज तुमच्या घोंगड्याखाली."

"काऊन? मले काय गरज?"

"भेतेस का बे?" मागून मुखरू म्हातारा खेकसला. लोक हसले. आता भगताला माघार घेता येईना.

तलावातून नवा गंज भरला, तो सावलीत ठेवून आधी हिरवा होऊ दिला. मग तो भगताच्या हातात, उन्हात. रंभाचा लाल गंज घोंगड्याखाली. मुखरूची चिलीम संपत आली, तेव्हा भगताचं पाणी लाल झालं होतं. घोंगडं उचललं, तर रंभाचं हिरवं.

"अरे पत्रू! तूच पापीण निघाला का गा!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"मंतर उलटा पडला!" भगत गंज टाकून घोंगडं गोळा करू लागला.

घनश्यामनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "या पाण्यात डोळ्याला न दिसणारे लक्षावधी जीव आहेत. त्यांच्या अंगात लाल कण असतात. कडक उन्हात ते कण अंगभर पसरतात, सावलीत मध्ये गोळा होतात. मग खालचा हिरवा रंग दिसतो. तलाव पहाटे हिरवा असतो, दुपारी लाल. हे कुणी ध्यानात घेतलं का? आमच्या विद्यापीठातही उत्तर पाठवण्याआधी कुणी बाटली उन्हात धरली नाही. चूक आमचीही. पण बाईला जातीबाहेर काढण्याआधी गंज एकदा सावलीत ठेवून पाहायला काय जातं?"

पंचांतल्या भैयाजींनी वाकून गंजात पाहिलं.

"पाण्याचं पटलं, साहेब," ते म्हणाले. "पण बाईनं जाळं फेकलं, ते?"

"घरात दाणा नव्हता, भैयाजीभाऊ," रंभा पहिल्यांदा बोलली. "तुमी आले होते का जाळं फेकाले?"

पंच उठून आंब्याखाली गेले आणि पुन्हा विचाराला बसले. घनश्याम थांबला, त्याची परतीची मोटार निघून गेली. तलाव हिरवा झाला, घरोघरी दिवे लागले, तरी निकाल आला नव्हता. रंभा पाळीवरच बसून होती.