समाधानच्या वाटची क्रेटं

दापोडीचा समाधान चाकणच्या एका कारखान्यात सुटे भाग भरलेली क्रेटं उचलून ट्रॉलीवर रचायचा. मध्यंतरी त्याच्या छातीत ठोका चुकायला लागला. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्तवाहिन्या साफ आहेत. ही गोळी खरं तर अंजायनाची, छातीत कळ येते त्यावरची. पण तुमचे ठोके हिनं ताळ्यावर येतील. कामाला काही बंदी नाही."

गुण आला. पण एकदा कँटीनमध्ये गोळी घेताना सुपरवायझर निरंजननं पाहिलं, मोबाइलवर नाव शोधलं आणि त्याचा चेहरा उतरला. "भावा, हे तर हार्टचं दुखणं. बोलला नाहीस?"

समाधान सांगणार, तेवढ्यात शेजारचे उद्धवराव म्हणाले, "आजपासनं त्यानं वजन उचलायचं न्हाई. त्याची क्रेटं मी घेतो."

एखादा दिवस आराम करू, मग सांगू, असं समाधानला वाटलं.

तो एखादा दिवस लांबत दिवाळी उलटून गेली. पन्नाशी ओलांडलेले उद्धवराव दोघांचं वजन उचलायचे, समाधान लेबलं चिकटवायचा. ते डब्यातली भाकरीही त्याच्या पुढे करायचे. समाधान ती खायचा, पण खरं सांगायला जीभ रेटत नव्हती.

एका दुपारी उद्धवराव क्रेटांच्या आडोशाला बसलेले दिसले. कपाळावर घाम, मूठ छातीवर दाबलेली.

"समाधान, तुझी ती गोळी एक दे. उचलताना कळ येती. बसलं की जाती."

"कधीपासून?"

"व्हईल महिना. निरंजनला सांगू नको, घरी बसवत्याल."

समाधानला त्यांच्याकडे बघवेना. "गोळी नको काका, दवाखान्यात चला. मला हे दुखणं नव्हतंच कधी. नुसते ठोके चुकायचे. उचलायला मला कुणीच मना केलं नव्हतं."

"म्हंजी तुला उचलता येत हुतं?"

"हो."

समाधाननं उठवायला हात पुढे केला. तो न धरताच उद्धवराव उठले.

समाधाननं त्यांना दवाखान्यात नेलं. हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा निघाला, स्टेंट बसला. समाधाननं निरंजनला सगळ्यांसमोर खरं सांगितलं. त्या दिवसापासून त्याच्याशी कुणी फारसं बोलेना.

तो घरी भेटायला गेला तेव्हा उद्धवरावांच्या बायकोनं हात जोडले. "तुमी वेळेत नेलं, म्हणून वाचले."

समाधाननं उद्धवरावांकडे पाहिलं. त्यांनी घरी काहीच सांगितलं नव्हतं. ते खिडकीकडे बघत म्हणाले, "चहा निवतोय. घे."

त्यानं मान खाली घालून कप उचलला.