बाबांचा उजवा हात

पर्यटकांचा मोसम संपला की त्या शहरात समुद्र आणि वारा एवढंच उरतं. उघडं हॉटेल एकच होतं, पण मला गोठा असता तरी चालला असता. सासऱ्यांचा उजवा हात लुळा पडल्यापासून तीन वर्षं मी त्यांना दोन्ही वेळा चमच्याने भरवत होते. शिलाई मशीनवरून उठायचं, हात धुवायचे आणि घासाघासाला "आ करा बाबा" म्हणायचं. शेवटी नवऱ्याने त्यांना चार दिवस माझ्या नणंदेकडे पोचवलं आणि मला इथे आणलं.

दुपारी जेवायला खाली उतरलो. राहवलं नाही म्हणून हॉलच्या दारातूनच मी नणंदेला फोन लावला. समोर खिडकीपाशी बसलेल्या एका पाठमोऱ्या बाईने फोन उचलला.

"आत्ताच भरवलं गं वहिनी," माझ्या कानात आवाज आला. "हात कुठे हलतोय त्यांचा. तू नको काळजी करूस."

तिच्यासमोर बसून सासरे उजव्या हाताने संत्रं सोलत होते. साल कुठेही न तुटता खाली लोंबत होती.

मी फोन कानाला तसाच धरून बघत राहिले. मग डोकं असं भणभणलं की तीन वर्षांचं सगळं तोंडाशी आणून मी तरातरा टेबलापाशी गेले.

सासऱ्यांनी मला पाहिलं. संत्रं ताटलीत पडलं, हात मांडीवर लुळा पडला आणि त्यांनी मुकाट्याने आ केला.

आणि माझा मेला हात सवयीने चमच्याकडे गेला.