करुणाची सात वर्षं

वरवंडच्या समृद्धीला गावातल्याच करुणाचं नाव काढलेलंही सहन होत नसे. दोघी दौंडच्या एकाच क्लासला जायच्या. लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या मुलाखतीलाही बरोबरच गेल्या. निवड झाली ती करुणाची. समृद्धीनं मग सरकारी कॉलेजातून डॉक्टरकी केली, पण गणवेशातल्या करुणाचा फोटो मोबाईलवर दिसला, की ती तो पटकन पुढे सरकवायची.

लष्करात रुजू झालेली करुणा पहिल्यांदा सुटीवर आली, तेव्हा गावानं तिचा सत्कार केला. समृद्धी सगळ्यांदेखत हसत म्हणाली, "फुकट शिकायला मिळालं, वर पगार. नशीब लागतं बाई!"



तिसऱ्या दिवशी करुणाला लष्कराकडून तातडीचं बोलावणं आलं. दुसऱ्याच दिवशी दौंडला तिच्या आईचं, विठाबाईंचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. सुटी त्यासाठीच काढलेली. निघताना ती समृद्धीच्या दारात आली. आईसोबत जाशील का, एवढंच तिनं विचारलं. समृद्धीला नाही म्हणवेना.

ऑपरेशननंतर रिक्षातून परतताना समृद्धीनं विठाबाईंना विचारलं, लेक थांबली नाही याचं वाईट नाही वाटत?

"वाटतं की. पण कालिजाच्या कागदावर सही करायच्या आदी तिनं समदं मला वाचून दाखवलं व्हतं. शिकून झालं की सात वर्षं धाडतील तिथं जायचं. तिकडं आजारी पडलेलं बी कुनाचं तरी लेकरूच असंल. ह्यात फुकट काय हाय, बाळा?"

समृद्धीची मान खाली गेली. प्रवेश घेताना तिनंही वर्षभर खेड्यात सेवा करण्याचं लिहून दिलं होतं. शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईला नेमणूकही आली होती; पण ती टाळायला वडिलांनी कंबरदुखीचा खोटा दाखला आणून ठेवला होता. इतकी वर्षं करुणाच्या गणवेशावर ती जळत आली; त्यासोबतचं बंधन मात्र तिला कधीच हवंसं वाटलं नव्हतं!

दाखला नको, मी कवठ्याला जाते, असं तिनं घरी सांगितलं, तेव्हा वडील चिडले. पुढच्या परीक्षेचा अभ्यास बुडेल, म्हणाले. तो बुडणारच होता. तरी सोमवारी समृद्धी कवठ्याच्या आरोग्य केंद्रात हजर झाली. करुणाला फोन करून तिनं माफी मागितली.

आपल्या प्रत्येकाच्या शिक्षणात समाजाचा वाटा असतो. दुसऱ्याला काय मिळालं हे बघताना त्यानं काय दिलं तेही बघावं, आणि आपण सही करून दिलेला शब्द आधी पाळावा.